मोर नाचतो ते दिसतं, पण लांडोर काय बघते?

पांढराबोडीकर (धागाकर्ता)

उन्हाळा उतरणीला लागला की नागपूरच्या गोरेवाड्याकडून, अंबाझरीच्या रानातून, उमरेड-कऱ्हांडल्याहून एकाच छापाचे फोटो यायला लागतात. पिसारा उभारलेला मोर, समोरून, मधोमध. लांडोर असलीच तर कोपऱ्यात, पाठमोरी, दाणे टिपून राहिलेली. खाली ठरलेल्या प्रतिक्रिया: "वा, काय रुबाब!"

प्रश्न त्या कोपऱ्यातल्या बाईसाहेबांबद्दल आहे. आसपास चार-पाच मोर नाचत असताना ती एकाला होकार देते, बाकीच्यांना नाही. हे कशावरून ठरतं? पिसाऱ्याची लांबी, त्यावरचे डोळे (म्हणजे ते निळे-हिरवे गोल ठिपके), आवाज, जागा? की मोर आपसात मारामारी करून आधीच निकाल लावतात आणि तिच्या वाट्याला फक्त जिंकलेला येतो? "निसर्गाची किमया" छापाची उत्तरं नकोत. कोणी मोजलंय का, कसं मोजलं, काय निघालं, ते हवं. आणि मोरापुरतंच नको. आपल्याकडे सुगरण आहे, कमळपक्षी आहे, धनेश आहे. त्यांच्या माद्या काय बघतात?

बिनधास्त_बुलबुल

दाणे टिपून नाही राहिली भाऊ, भाव खाऊन राहिली.

कडुलिंब

मोरावरचं सगळ्यात गाजलेलं काम इंग्लंडमधल्या व्हिप्सनेड पार्कातलं. मॅरियन पेट्री आणि सहकाऱ्यांनी ते १९९१ मध्ये प्रसिद्ध केलं. तिथे मोर मोकळे फिरतात. विणीच्या दिवसांत प्रौढ नर आपापला छोटा तुकडा धरून जवळजवळ उभे राहतात. अशा ठिकाणाला 'लेक' म्हणतात. तिथे मादीसाठी खाणं नसतं, घरटं नसतं. ती येते ती नर बघायला. मीलन झालं की निघून जाते, आणि अंडी घालणं, २८ दिवस उबवणं, पिल्लं वाढवणं हे सगळं एकटी करते. म्हणजे मोराकडून तिला बीजापलीकडे काहीच मिळत नाही. म्हणूनच हा पक्षी अभ्यासाला सोयीचा आहे. घर, अन्न, राखण या भानगडी मध्ये येत नाहीत.

लेकवर १० मोर होते. त्यांच्या पिसाऱ्याचे फोटो घेऊन डोळे मोजले आणि कोणाचं किती माद्यांशी मीलन झालं ते बघितलं. यशातला निम्म्याहून जास्त फरक डोळ्यांच्या संख्येशी जुळला. ज्या ११ वेळा मादीच्या फेरीचा शेवट मीलनात झाला, त्यातल्या १० वेळा तिने भेट दिलेल्यांपैकी सर्वाधिक डोळेवाला नर निवडला. पहिल्याच नराला होकार एकदाही नाही. ती हिंडते, बघते, परत येते. पुढे काही मोरांचे प्रत्येकी २० डोळे कापून टाकले, तर पुढच्या हंगामात त्यांची मीलनं घटली.

१९९४ चं पेट्रींचंच काम आणखी पुढचं आहे. माद्यांना निवड करू न देता नर वाटून दिले. तरी ज्या बापांचे डोळे मोठे होते त्यांची पिल्लं जास्त वाढली आणि पार्कात सोडल्यावर जास्त जगली.

शंकासूर

इथे थांबलात तर गोष्ट फार गोड होते. जपानमध्ये इझू कॅक्टस पार्कात ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी ७ वर्षं मोर बघितले, अडीचशेहून जास्त मीलनं नोंदवली, २००८ मध्ये निष्कर्ष छापले. डोळ्यांची संख्या, पिसाऱ्याची लांबी, सममिती, कशाचाच मीलनाशी संबंध लागला नाही. त्यांचं म्हणणं असं की पिसारा ही आता कालबाह्य झालेली खूण असू शकते.

आणि एक साधा प्रश्न. लांडोर दीडशेच्या वर डोळे मोजते कशी? तेही हलणाऱ्या पिसाऱ्यावर, दाणे टिपत?

बिनधास्त_बुलबुल

पटवारी सोबत घेऊन येते.

कडुलिंब

@शंकासूर, हा प्रश्न रोझलिन डेकिन आणि रॉबर्ट मॉन्टगोमेरी यांनी २०११ मध्ये धसास लावला. पूर्ण वाढलेल्या मोरांत डोळे साधारण १६५ ते १७० च्या आसपास भरतात, फरक फारच थोडा. इतक्या अरुंद पट्ट्यात मादीने मोजून निवड करणं कठीणच, त्यामुळे काही कळपांत संबंध दिसत नाही हे स्वाभाविक आहे. पण पिसं तुटून किंवा कापून संख्या १४० च्या खाली आली की तो नर क्वचितच यशस्वी होतो. थोडक्यात, तिच्याकडे नापास करण्याची एक रेषा आहे. त्या रेषेवरच्यांमधला पहिला नंबर काढायला ती दुसरं काहीतरी बघते. पेट्रींचे आणि जपानचे निकाल इथे एकाच ताटात बसतात.

"दुसरं काहीतरी" म्हणजे काय, त्याचे काही धागे असे:

२०१३ मध्ये जेसिका योर्झिन्स्की यांनी लांडोरींच्या डोक्यावर नजर टिपणारं यंत्र बसवलं. मोर समोर नाचत असताना तिची नजर त्याच्यावर एक तृतीयांशापेक्षाही कमी वेळ होती. जेव्हा होती तेव्हा मुख्यतः पिसाऱ्याच्या खालच्या भागावर, डावीकडून उजवीकडे फिरणारी. डोकं, तुरा, वरची कमान यांच्याकडे फारसं लक्ष नाही. वरची कमान लांबून, उंच गवतावरून मोर कुठे आहे हे कळायला कामी येते. जवळ आल्यावर ती खालची रुंदी बघते. म्हणजे "दाणे टिपून राहिली" हे खोटं नाही, पण त्या टिपण्यातच अधूनमधून तपासणी चालू असते.

दुसरं, थरथर. पिसारा उभारून मोर पिसं खडखडवतो ती सेकंदाला साधारण २५ वेळा. गंमत अशी की त्यात डोळे जवळजवळ स्थिर दिसतात आणि मागची सैल पिसं हलतात, कारण डोळ्याच्या भागातले तंतू बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात. २०१८ मध्ये असंही दाखवलं गेलं की लांडोरीच्या डोक्यावरचा तुरा नेमक्या याच वेगाला झंकारतो. ते नाचणं ती डोक्याच्या तुऱ्यावरही झेलत असावी. प्रयोग तुऱ्यावर झाला, तिच्या निर्णयावर नाही. तेवढी मर्यादा लक्षात ठेवा.

टेलीलेन्स

फोटोवाल्यांच्या कामाची गोष्ट यातच आहे. मोराचे दोन वेगळे पवित्रे असतात. पहिल्यात तो मादीकडे पाठ करतो आणि तपकिरी पंख पिसाऱ्याच्या मागे फडफडवतो. बघणाऱ्याला वाटतं की चुकीच्या दिशेला तोंड करून उभा राहिला. तसं नाही. मादी मागे असते, ती वळसा घालून पुढे आली की तो गर्रकन फिरतो आणि मग खडखडाट सुरू करतो. हा दुसरा पवित्रा. तेव्हा सूर्य त्याच्या पाठीशी नसतो. पिसाऱ्याची दिशा सूर्यापासून साधारण ४५ अंशांवर ठेवून मादीला समोर घेतो. डोळ्याचा निळा-हिरवा रंग रंगद्रव्याचा नाही, पिसातल्या सूक्ष्म रचनेतून परतणाऱ्या प्रकाशाचा आहे, त्यामुळे कोन बदलला की रंगच बदलतो. डेकिन-मॉन्टगोमेरींच्या मोजणीत डोळ्यांचा निळा-हिरवा रंग आणि नराचं यश यांचा चांगला मेळ होता.

म्हणून ढगाळ दुपारी मोर नाचतो पण फोटो मातीचा येतो. सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ४ नंतर, ऊन तिरपं असताना बघा. कॅमेरा लांडोरीच्या मागे, तिच्या उंचीला. तिला जे दिसतं ते तिथूनच दिसतं.

नागनदी

तिच्या मागे कॅमेरा लावला की ती पळून जाते, हे राहिलंच.

टेलीलेन्स

लपणं घ्या. हिरवं कापड, चार काठ्या, आणि उजाडायच्या आधी आत बसायचं. मोर आल्यावर बसायला गेलात तर तो दिवस गेला.

रानवाटा

मोरावरच गाडी अडकलीय, म्हणून सुगरणीकडे वळवतो. निवड उघड्या डोळ्यांनी, टप्प्याटप्प्याने बघायची तर आपल्याकडे याच्याइतका सोपा पक्षी नाही. जून ते सप्टेंबर, विहिरीवर वाकलेली बाभूळ, नाल्याकाठची शिंदी, तलावाच्या पाण्यावर आलेल्या फांद्या. रामटेक, मौदा, भंडाऱ्याकडच्या धानपट्ट्यात वसाहती मोठ्या असतात कारण विणायला धानाचं पातं जवळ मिळतं.

क्रम असा. विणीच्या काळात नराच्या डोक्यावर आणि छातीवर पिवळा रंग येतो, चेहरा काळपट होतो. तो पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडतो, ती कड धरून उडतो, आणि पट्टी फाटत येते. एक पट्टी २० ते ६० सेंटिमीटर. पूर्ण घरट्याला ५०० पर्यंत फेऱ्या होतात. आधी फांदीला गाठी, मग उभं कडं, मग त्यावर छप्पर. या अर्ध्या अवस्थेला हेल्मेट म्हणतात, खाली दोन भोकं आणि मध्ये आडवी पट्टी. इथवर साधारण ८ दिवस. आणि इथे नर काम थांबवतो.

का थांबवतो? कारण आता मादीचा होकार हवा. माद्यांचा थवा आला की सगळे नर आपापल्या हेल्मेटला उलटे लटकून पंख फडफडवतात, एकच कल्लोळ. मादी आत शिरते, आडव्या पट्टीवर बसते, चोचीने धागे ओढून बघते, बाहेर येते, दुसऱ्यात जाते. पसंत पडलं तर तिथेच मीलन होतं आणि मग नर एका बाजूचं भोक बंद करून अंड्यांची खोली करतो, दुसऱ्या बाजूने लांब नळी काढतो. सगळं मिळून १८ दिवसांच्या आसपास. आतलं अस्तर मादी लावते. अंडी २ ते ४, उबवणं १४ ते १७ दिवस, तिचंच. नर तोवर शेजारी दुसरं हेल्मेट विणायला लागलेला असतो, दुसऱ्या मादीसाठी.

पसंत नाही पडलं तर घरटं वाळतं, हिरवं पातं पिवळं पडतं. असली नाकारलेली हेल्मेटं झाडाखाली वाऱ्याने पडलेली दिसतात. बरीच नर स्वतःच उसवतात, आणि शेजारी पट्ट्या चोरतात.

बिनधास्त_बुलबुल

म्हणजे बांधकाम स्लॅबपर्यंत, नळ जोडणी बुकिंगनंतर. मनीषनगरची स्कीम आहे ही.

पांढराबोडीकर

:) पण रानवाटा, ती विणकाम बघते की जागा? धागे ओढून बघते म्हणजे विणकामच ना?

रानवाटा

सगळ्यांना तसंच वाटतं, पण मोजल्यावर पारडं दुसरीकडे झुकलं. सुहेल क्वाडर यांनी सुगरणीवर नेमका हाच प्रश्न घेतला, २००५-०६ च्या सुमारास ते प्रसिद्ध झालं. मादीच्या पसंतीवर घरट्याच्या जागेचा प्रभाव विणकामाच्या बारकाव्यांपेक्षा जास्त निघाला. कारणही उघड आहे. साप, कावळा, माणूस पोचणार नाही अशा फांदीवर साधं घरटं असेल तर पिल्लं उडतात. हाताला येणाऱ्या फांदीवर कितीही सुबक विणा, उपयोग नाही. घरटी बहुधा झाडाच्या पूर्वेकडे असतात, नैऋत्येच्या पावसाची झोड चुकावी म्हणून. विणकाम अगदीच बाद नाही. फांदीला बांधलेली गाठ सैल असेल तर वादळात घरटं अंड्यांसकट खाली येतं, आणि धागा ओढून बघण्यात तेवढी परीक्षा होत असावी.

म्हणून नोंद करताना फक्त "घरटं सुंदर" असं लिहू नका. फांदीची जमिनीपासून किंवा पाण्यापासून उंची, खाली पाणी की कोरडं, झाडाला काटे आहेत का, कोणत्या दिशेला, आणि हेल्मेट किती दिवसांचं. शेवटचं महत्त्वाचं. ताजं हिरवं पातं लवचिक असतं, आठवडाभराने कडक होतं, मग पुढचं विणकाम त्यात नीट गुंतत नाही.

शंकासूर

जागा चांगली म्हणता, पण चांगली जागा मिळवतो कोण? दांडगा नर. म्हणजे आधी नरांची मारामारी, मग मादीची निवड नावाला. मूळ प्रश्नाचा तो भाग कोणीच घेतला नाही. १८७१ मध्ये डार्विनने मादीची निवड मांडली तेव्हा वॉलेसलाही ती पटली नव्हती. तो काही बिनडोक माणूस नव्हता.

गणिती

या दोन गोष्टी वेगळ्या करायचा सगळ्यात स्वच्छ प्रयोग केनियात झाला. माल्टे अँडरसन, १९८२. लांब शेपटीचा विडोबर्ड, सुगरणीच्याच कुळातला. नराची शेपटी अर्ध्या मीटरच्या आसपास, मादीची तोकडी. ३६ नर घेतले, चार गट केले. एका गटाची शेपटी कापून साधारण १४ सेंटिमीटर ठेवली. कापलेले तुकडे दुसऱ्या गटाला चिकटवून त्यांची शेपटी साधारण २५ सेंटिमीटरने वाढवली. तिसऱ्या गटाची कापून परत तशीच चिकटवली, म्हणजे कापण्या-चिकटवण्याचाच काही परिणाम होतो का ते कळावं. चौथ्याला हातच लावला नाही.

वाढवलेल्या शेपटीच्या नरांच्या हद्दीत नवीन घरटी सगळ्यात जास्त झाली. आता शंकासुरांचा मुद्दा: तोकड्या शेपटीच्या नरांनी आपली हद्द गमावली का? नाही, ती टिकली. म्हणजे नरांच्या भांडणात शेपटीने फरक पडला नाही, माद्यांच्या पसंतीत पडला. तिसऱ्या गटाशिवाय हा प्रयोग कुचकामी ठरला असता, हे पिसं कापायच्या बाता मारणाऱ्यांनी लिहून ठेवावं.

पण सगळीकडे असं नाही. काही पक्ष्यांत हद्दीची लढाई खरंच आधी होते आणि मादी जिंकलेल्यांतून निवडते. दोन्ही चाळण्या एकामागून एक लागतात.

नागनदी

गावरान कोंबडीचं उदाहरण द्या की, घरोघरी बघायला मिळतं. कोंबडा जबरदस्ती करतो, तिथे कसली निवड?

गणिती

तिथेही आहे, फक्त नंतर आहे. पिझारी आणि बर्कहेड यांनी २००० मध्ये दाखवलं की कळपात खालच्या पायरीवरच्या कोंबड्याने गाठलं तर कोंबडी त्याचं वीर्य बऱ्याचदा बाहेर टाकते. शिवाय कोंबडीच्या शरीरात बारीक नळ्यांमध्ये वीर्य दोन-तीन आठवडे साठतं, त्यामुळे आजच्या मीलनाचा आणि परवाच्या अंड्याचा थेट हिशोब लागत नाही. मीलन दिसलं म्हणजे बाप ठरला, असं पक्ष्यांत म्हणता येत नाही.

बिनधास्त_बुलबुल

बाप्पा! हे सावजीच्या टेबलावर कोणी सांगितलं नव्हतं.

माळरान

विदर्भातला एक पक्षी सांगायचा राहिला, आणि आता जपला नाही तर तो राहणारच नाही अशी अवस्था आहे: तणमोर. अकोला-वाशिमकडच्या गवताळ माळांवर पावसाळ्यात येतो, जगभरात अतिसंकटग्रस्त. नर काळा-पांढरा, डोक्यामागे वळलेली लांब पिसं. एकाच ठरलेल्या जागेवरून गवताच्या वर दीड-दोन मीटर उडी मारतो, पंखांचा खडखड आवाज येतो, परत गवतात दिसेनासा होतो. दिवसात शेकडो उड्या. मादी गवतात दडलेली असते, दिसत नाही.

इथे मादी काय बघते हे ठरवणाऱ्याने आधी गवताची उंची मोजावी. गवत जनावरांनी पार खाल्लं असेल तर मादीला लपायला जागा नाही. माजलं असेल तर उडी दिसत नाही. गुडघाभर गवत, मध्ये झुडपं नाहीत, अशा माळावरच हा सगळा खेळ चालतो. माळावर रोपं लावून "हिरवाई" करणाऱ्यांनी या पक्ष्याचा विणीचा आखाडा मोडला, हे नीट लक्षात घ्या. झाड लावणं प्रत्येक ठिकाणी पुण्याचं नसतं.

तलावकाठ

उलटा प्रकार हवा असेल तर तलावाकडे या. कमळपक्ष्यांत माद्या भांडतात आणि नर घर सांभाळतात. कांस्यपंखी कमळपक्ष्याची मादी नरापेक्षा बरीच जड, स्वतःची मोठी हद्द राखते, त्या हद्दीत एक ते चार नर. प्रत्येक नर तरंगत्या पानांवर घरटं करतो, ती ४ अंडी घालते, उबवणं आणि पिल्लं त्याच्याकडे. धोका आला की बाप पिल्लांना पंखाखाली उचलून चालायला लागतो, तेव्हा त्याच्या अंगातून जास्तीचे पाय लोंबताना दिसतात.

मग निवडतं कोण? नर ओरडतात. ज्या मादीकडे नर जास्त त्यांच्यातले नर जास्त ओरडतात, तिने आपल्याकडे यावं म्हणून. अंड्यांवर बसलेला नर बहुतेक गप्प असतो. दक्षिण भारतात स्टुअर्ट बुचार्ट यांनी हे टिपलं. तेव्हा तलावावर तो कर्कश आवाज आला की तो रिकाम्या हातांचा नर आहे असं समजायला हरकत नाही.

रंगीत पाणलावाही याच वळणाचा. भडक तांबूस मानेची ती मादी, आणि फिका तो नर. फोटोखाली हमखास उलटं लिहिलेलं असतं.

नागनदी

कोकिळेचंही तसंच. कुहूकुहू करणारा काळा तो नर. ठिपक्यांची मादी "किक-किक" करत पळते, आणि कवी तिच्या गळ्याचं कौतुक करतात.

शंकासूर

अवांतर. पण अवांतरातच विचारतो, गोंदिया-भंडाऱ्याच्या सारसांचं काय? आयुष्यभर एकच जोडी, त्यामुळे लग्नपत्रिकेवर सारस. तिथे निवड एकदाच ना?

गणिती

जोडी टिकते हे खरं, पण सारसांतही तिघांचे गट नोंदवले गेले आहेत. पत्रिकावाल्यांना कळवू नका.

एकूण पक्ष्यांबद्दल सांगायचं तर १९८० च्या दशकात पिल्लांची डीएनए तपासणी सुरू झाली आणि चित्र पालटलं. जोडीने राहणाऱ्या पक्ष्यांतही सरासरी दहापैकी एखादं पिल्लू जोडीदाराचं नसतं. ऑस्ट्रेलियातल्या सुपर्ब फेअरीरेन या छोट्या निळ्या पक्ष्यात तर निम्म्याहून जास्त पिल्लं बाहेरच्या नराची. म्हणजे मादी दोन वेगळे निर्णय घेते: घर कोणासोबत करायचं आणि बीज कोणाचं घ्यायचं. मोर-लांडोरीत पहिला प्रश्नच नाही, म्हणून तिथे दिखाऊपणा टोकाला गेला. जिथे नर पिल्लांना भरवतो तिथे मादी त्याची कामाची लायकी बघते.

कडुलिंब

याला जोडून शहरातलंच उदाहरण: राखी धनेश. जुन्या वडा-पिंपळांमुळे नागपुरात चांगला टिकून आहे. मादी ढोलीत शिरून विष्ठा आणि मातीने तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवते. त्यानंतर कित्येक आठवडे तिचं आणि पिल्लांचं पोट नराच्या फेऱ्यांवर. एकदा आत बसल्यावर नवरा बदलता येत नाही, म्हणून त्याआधी बघा: मार्चच्या सुमारास नर तिला उंबराची, वडाची फळं चोचीने भरवताना दिसतो. ते लाड तर आहेतच, पण तिच्या दृष्टीने ती भरती परीक्षाही आहे. दुसरी अट ढोलीची. ढोली नसेल तर कितीही भरवलं तरी काम होत नाही. वाळलेली फांदी "धोकादायक" म्हणून सरसकट तोडली की ही अट नर कुठून पूर्ण करणार?

खंड्या आणि वेडा राघूही भरवतात. खंड्याच्या चोचीत मासा कसा धरलाय ते बघा. स्वतः गिळायचा असेल तर माशाचं डोकं आतल्या बाजूला. मादीला किंवा पिल्लाला द्यायचा असेल तर डोकं बाहेर, म्हणजे घेणाऱ्याला थेट डोक्याकडून गिळता येतो. फोटोवरून कळतं की त्या दिवशी तो जेवायला निघाला होता की मनधरणीला.

गणिती

आता "का" चा प्रश्न उरला, आणि इथे कडुलिंबांशी माझं जुळत नाही. तुम्ही प्रत्येक गोष्टीत लायकीची परीक्षा बघता. रोनाल्ड फिशरचा युक्तिवाद वेगळा आहे, १९३० च्या पुस्तकात मांडलेला. काही माद्यांना कशाही कारणाने लांब शेपटी आवडली, तर त्यांच्या मुलांना लांब शेपटी आणि मुलींना तीच आवड मिळते. आवड आणि शेपटी एकमेकींना ढकलत पुढे जातात, आणि शेपटीने नराचं आरोग्य दाखवावं अशी काही गरज नाही. आवडते म्हणून आवडते, बस.

कडुलिंब

आणि झहावी १९७५ मध्ये म्हणाला की बोजा वाहूनही जो जगला तोच दमदार. त्याला खोटं सोंग घेता येत नाही. हॅमिल्टन आणि झुक यांनी १९८२ मध्ये त्यात परजीवी जोडले: चकचकीत पिसं म्हणजे अंगात कीड कमी. अमेरिकेतल्या हाऊस फिंचमध्ये नराचा लाल रंग खाण्यातल्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यातून येतो, स्वतः तयार करता येत नाही. पोटभर चांगलं खाल्लं नाही तर पिवळाच राहतो, आणि माद्या लालाकडे जातात. हे फिशरच्या खात्यात कसं टाकणार?

गणिती

फिंच तुमच्या खात्यात. मोर पेट्रींच्या १९९४ मुळे अर्धा तुमचा, ताकाहाशींमुळे अर्धा माझा. विडोबर्डच्या शेपटीवर प्रयोगाने मादीची आवड सिद्ध केली, आवडीचं कारण नाही. एकाच किल्लीने सगळी कुलपं उघडायचा हट्ट नको एवढंच म्हणणं आहे.

शंकासूर

आणि आपल्या डोळ्यांनी त्यांची परीक्षा कशी करणार? पक्ष्यांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी चार प्रकारच्या, आपल्या डोळ्यात तीन. अतिनील त्यांना दिसतं. युरोपातल्या ब्लू टिटमध्ये नर-मादी आपल्याला सारखे दिसतात, पण १९९८ मध्ये मोजलं तर नराचा माथा अतिनीलमध्ये जास्त उजळ. तेव्हा "हा मोर जास्त सुंदर" हे आपलं मत झालं. लांडोरीचं मत तिच्या पायांच्या दिशेवरून घ्यावं.

पांढराबोडीकर

हेच हवं होतं. आता सांगा, यंदा गोरेवाड्याच्या बाजूला किंवा शेताच्या बांधावर कोणी नुसत्या दुर्बिणीने बसलं तर लांडोरीबद्दल काय टिपता येईल? पिसं कापायची नाहीत, यंत्र लावायचं नाही.

कडुलिंब

एप्रिलपासून सुरुवात करा. ऑगस्ट-सप्टेंबरकडे पिसारा झडायला लागतो, मग तुलना निरर्थक. दुर्बीण ८×४२, वही, घड्याळ.

आधी मोर ओळखायला शिका. तुटलेलं पीस, पिसाऱ्यातली फट, कोणत्या जागेवर उभा राहतो, यावरून रेखाटन करून अ, ब, क अशी नावं द्या. लांब पिसारा साधारण चौथ्या वर्षी भरतो, तोकड्या पिसाऱ्याचे तरुण नर बाजूला नाचतात, त्यांना वेगळं धरा.

मग मोर सोडा आणि एका लांडोरीवर नजर ठेवा. ती लेकवर आली ती वेळ. कोणत्या क्रमाने कोणाकडे गेली. प्रत्येकाकडे किती मिनिटं. पिसाऱ्याच्या समोर आली की मागूनच गेली. त्या वेळी मोर पंख फडफडवत होता की पिसं खडखडवत. ऊन होतं की ढग. मोराने धाव घेतली तर ती बसली की पळाली. दुसऱ्या लांडोरीने हाकललं का, हे जरूर. माद्याही आवडत्या नराजवळ एकमेकींना हाकलतात, आणि तो निकाल बघणाऱ्याला निवड वाटतो.

गडबड कुठे होते? एकच लांडोर दोनदा मोजली जाते, कारण लांडोरी ओळखणं फार कठीण. म्हणून ती दृष्टीआड झाली की तिची नोंद तिथे संपवा, परत आली तर नवीन ओळ. आणि जिथे लोक दाणे टाकतात तिथे ही नोंद करू नका. तिथे लांडोर मोराकडे आली की ज्वारीकडे, हे सांगता येत नाही.

टेलीलेन्स

मोबाईलवर केका (मोराची हाक) वाजवून मोर जवळ आणला तर?

कडुलिंब

अजिबात नको. काही मोर मीलनाच्या वेळचा आवाज मादी नसतानाही काढतात, आणि डेकिन-मॉन्टगोमेरींच्या २०१४ च्या कामात त्या खोट्या आवाजानेही माद्या लेककडे ओढल्या गेलेल्या दिसल्या. त्यात तुमचा मोबाईल मिसळला की नोंद बाद. शिवाय विणीच्या दिवसांत आवाज वाजवणं कोणत्याच पक्ष्यासाठी बरं नाही, आणि मोर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधला आहे.

चौकीदार (व्यवस्थापन)

सूचना: घरट्यांची, तणमोराच्या माळाची किंवा धनेशाच्या ढोलीची नेमकी जागा या धाग्यावर लिहू नये. "मौद्याच्या बाजूला" इतपत चालेल. नकाशाचे दुवे काढून टाकले जातील.

रानवाटा

सुगरणीसाठी कडुलिंबांचंच कोष्टक चालेल, फक्त लांडोरीच्या जागी हेल्मेट धरा. प्रत्येक हेल्मेटला क्रमांक द्या, झाडाचं चित्र काढून त्यावर मांडा. दर तिसऱ्या दिवशी एकाच वेळी जा. तीनच शक्यता असतात: नळी निघाली, म्हणजे होकार. तसंच वाळलं, म्हणजे नकार. नाहीसं झालं, म्हणजे वारा, चोरी किंवा माणूस, त्यापुढे प्रश्नचिन्ह टाका, नकार लिहू नका. झाडापासून ३० पावलं लांब बसा. फांदीखाली गेलात की माद्यांचा थवा उतरत नाही.

शंकासूर

आणि "मादी आली, बघितलं, गेली" हीसुद्धा पूर्ण नोंद आहे. लोक मीलन दिसलं तेवढंच लिहितात आणि बाकी दिवस रिकामे सोडतात. मग सगळ्याच नरांचं यश भरमसाट दिसतं. पेट्रींच्या कामाचा अर्धा जीव नाकारलेल्या नरांच्या यादीत आहे.

बिनधास्त_बुलबुल

नाकारलेल्यांची यादी पाहिजे तर आपल्याला सांगा, लांब आहे.

पांढराबोडीकर

कोष्टक तयार करून टाकतो. रकाने: तारीख, वेळ, ऊन/ढग, नराचं अक्षर, क्रम, मिनिटं, समोर/मागे, कोणी हाकललं का, शेवट. आणखी काही?

कडुलिंब

लेकवर त्या वेळी एकूण नर किती हजर होते. तो रकाना नसेल तर बाकीच्यांतून काहीच काढता येणार नाही.